जवस हे मधुमेहाचे 'प्राचीन औषध' होते का? मराठवाड्यातील एका विस्मृत पिकाचा इतिहास

१/
'अळशी हे मधुमेहावरील हजारो वर्षांचे आयुर्वेदिक औषध आहे.' हे वाक्य आज भ्रमणध्वनीवरील संदेशांतून आणि दुकानांतील चकचकीत पाकिटांवरून सर्वत्र भेटते. जे जवस लातूर-नांदेडच्या काळ्या रानात एकेकाळी ज्वारीच्या सोबतीने उभे असे, ते आज 'फ्लॅक्ससीड' या नावाने त्याच भागातील शहरांत विकत घेतले जाते. वरील वाक्यात सत्य किती आणि दंतकथा किती, हे तपासणारा हा धागा.

२/
प्रथम नावे. संस्कृतात अतसी, उमा, क्षुमा. मराठीत जवस किंवा अळशी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या वनस्पतीला 'लायनम युसिटॅटिसिमम' असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत उपयुक्त'. हे विशेषण अतिशयोक्त नव्हते. एकाच झाडापासून धागा, तेल, अन्न आणि पेंड मिळते. पुढचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: कोणत्या काळाने या चारांपैकी कशाला मोल दिले?

३/
महाराष्ट्रातील सर्वांत जुना पुरावा अन्नाचा नसून धाग्याचा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली येथे डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६० मध्ये उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तांब्याचे मणी ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष मिळाले. तपासणीअंती तो दोरा जवसाच्या तंतूंचा असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या माणसाला या वनस्पतीची चांगली ओळख होती.

४/
संस्कृत साहित्यात 'क्षौम' वस्त्र वारंवार येते. ते या क्षुमेचेच कापड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात कापूस आणि लोकरीसोबत क्षौमही आहे. त्याच ग्रंथात कोठाराच्या हिशेबात आणखी एक मार्मिक नोंद सापडते: अतसीच्या बियांतून वजनाच्या एक षष्ठांश तेल निघावे, तीळ आणि करडईतून एक चतुर्थांश. राज्याला जवस ठाऊक होते ते असे, वस्त्र म्हणून आणि तेलाच्या मापात.

५/
आता मधुमेहाकडे वळू. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत 'प्रमेह' या व्याधीचे सविस्तर वर्णन असून तिचे वीस प्रकार सांगितले आहेत. मधुमेह हा त्यांपैकी एक. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात, हे निरीक्षण प्राचीन वैद्यांनी नोंदवले होते. सुश्रुताने जन्मजात प्रमेह आणि अपथ्यामुळे होणारा प्रमेह असा भेद केला. पहिल्यातील रुग्ण कृश, तर दुसऱ्यातील स्थूल असतो असेही म्हटले. त्या काळाच्या मानाने ही दृष्टी थक्क करणारी आहे.

६/
या प्रमेहचिकित्सेत अतसी येते का? येते. चरकाच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रुग्णाने जुना तांदूळ, मुगाचे कढण आणि कडू भाज्या खाव्यात असे सांगताना सोबत घ्यावयाच्या तेलांत अतसी आणि मोहरी यांच्या तेलाचा उल्लेख आहे. तिचे स्थान मात्र नीट पाहावे लागते. अतसीचे तेल तेथे औषधाच्या यादीत नसून जेवणातील स्नेहाच्या यादीत आहे, आणि तेही इतर तेलांच्या पंक्तीत.

७/
त्या आहाराचा कणा होता यव, म्हणजे सातू. सातूचे भात, सत्तू, भाकऱ्या यांचीच तेथे रेलचेल आहे. दुसरा आधार शारीरिक श्रमांचा. सुश्रुत तर रुग्णाला दूरदूर पायी चालायला, गाई राखायला, विहीर खणायलाही सांगतो! त्याच सुश्रुतसंहितेत तेलांचे गुणदोष सांगताना जवसाचे तेल पचायला जड, उष्ण, बल घटवणारे आणि डोळ्यांना अहितकर ठरवले आहे. 'रोज अळशीची पूड खा, मधुमेह जाईल' असा आशय या प्रकरणांत नाही. प्राचीन उल्लेखाचा दावा अर्धा खरा. औषध असल्याचा दावा त्यावर नंतर चढवलेला मुलामा.

८/
ग्रंथांबाहेर, शेतात आणि स्वयंपाकघरात, जवसाचे जीवन वेगळेच चालले होते. मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात मुरलेली ओल धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची कोरडवाहू पिके उभी राहतात: ज्वारी, करडई, हरभरा आणि जवस. दख्खनचे जवस युरोपातील धाग्याच्या जवसासारखे उंच सरळसोट नसते. ते बुटके, फांद्या फुटलेले आणि खोल मुळांचे असते. कापसाच्या या प्रदेशात धाग्यासाठी जवसाची गरज उरली नाही. येथे ते बियांसाठीच वाढले.

९/
स्वतंत्र शेतापेक्षा ते अनेकदा दुसऱ्या पिकांच्या संगतीने पेरले जाई. चार ओळी ज्वारीच्या वा हरभऱ्याच्या, मध्ये जवसाचे पाटे. हिवाळ्यात त्याला निळी फुले येत. एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी लागावे, हा त्यामागचा हिशेब. अवर्षणाच्या प्रदेशात मिश्र पीक म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच उतरवलेला विमाच होता. आलेल्या बियांपैकी काही घाण्यावर जात, काही बाजारात आणि काही घरच्या डब्यात.

१०/
घरच्या डब्यातील जवसाची चटणी होई. तव्यावर तडतडेपर्यंत बिया भाजायच्या. लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून खलबत्त्यात वा उखळात कुटायच्या. ज्वारीच्या भाकरीवर चटणी आणि वर तेलाची धार, हे शेतात न्यायचे जेवण. ती दिवसचे दिवस टिके आणि भाजी नसलेल्या दिवशी भाजीची जागा घेई. कारळ्याच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीइतकीच ती नित्याची. तिला कोणी औषध म्हटले नाही. ते सामान्यांचे, बहुधा गरिबीचे अन्न होते.

११/
बाकीचे जवस घरभर कामाला येई. तेल दिव्यात आणि लाकडाला लावायला. विदर्भाच्या काही भागांत स्वयंपाकातही. पेंड बैलांना. गळवावर बांधायच्या गरम पोटिसासाठी जवसाचे पीठ ही तर घरगुती उपचारातील ठरलेली वस्तू. पोटीस हाच जवसाचा खराखुरा व्यापक औषधी वापर होता आणि तो पोटात घेण्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे.

१२/
१८३० च्या दशकात या बियांवर साम्राज्याची नजर पडली. ब्रिटनला रंग, वार्निश आणि छपाईची शाई यांसाठी जवसाचे तेल हवे होते. हे तेल हवेच्या संपर्काने वाळून कठीण पापुद्रा धरते. म्हणूनच ते रंगासाठी उत्तम. भारतातून जवसाची निर्यात सुरू झाली आणि दशक संपण्याआधीच ती हजारो टनांवर गेली. १८५३ ते १८५६ या काळातील क्रिमियाच्या युद्धाने रशियाकडून युरोपला होणारा पुरवठा विस्कळीत केला आणि भारतीय जवसाला अधिकच मागणी आली.

१३/
१८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज उद्योजकाने जवसाचे तेल घट्ट करून त्यात बुचाच्या झाडाची भुकटी मिसळली आणि जमिनीवर अंथरायचे 'लिनोलियम' तयार केले. इंग्लंडमधील रुग्णालये, कचेऱ्या आणि घरांच्या जमिनी त्याने झाकल्या जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत जगातील प्रमुख जवस पुरवठादारांपैकी एक होता. मुंबई बंदर दख्खनच्या गळिताच्या धान्याचे मुख्य दार झाले.

१४/
मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पण रेल्वेने तो याच व्यापाराला जोडला गेला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये मनमाडपर्यंत पूर्ण झाली. नांदेड तिच्या मार्गावर आले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूर आडत पेठ म्हणून वाढले. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती गंजगोलाई आजही त्या वैभवाची खूण आहे. कापूस, करडई, जवस गाड्या भरभरून मोंढ्यात येऊ लागले.

१५/
येथे एक सूक्ष्म बदल घडला. जे बी घरच्या डब्यासाठी आणि गावच्या घाण्यासाठी होते, त्याचे मोल आता दूरच्या बंदरातील भावाने ठरू लागले. त्या भावाला चटणीशी कर्तव्य नव्हते, रंगाशी होते. जगाच्या लेखी जवस हे अन्न राहिलेच नाही, तो कारखान्याचा कच्चा माल झाला. आणि कच्च्या मालाचे नशीब पर्याय सापडेपर्यंतच टिकते.

१६/
पर्याय सापडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अर्जेंटिना जवसाच्या निर्यातीत पुढे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम रंगांनी जवसाच्या तेलाची आणि व्हिनाइलने लिनोलियमची जागा बळकावली. देशात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस जवसाखाली वीस लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र होते. आज ते दोन लाख हेक्टरच्या आसपास उरले आहे. पन्नास वर्षांत एखादे पीक नऊ-दशांश आटण्याची उदाहरणे फार नाहीत.

१७/
मराठवाड्यातील कारणे आणखी स्थानिक. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीचे कंबरडे मोडले. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि पुढील काळात लातूर परिसर सोयाबीनचा झाला. लातूरचा मोंढा सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर ओळखला जाऊ लागला. पाणी मिळाले तेथे ऊस आला. रब्बीत हरभऱ्याने हातपाय पसरले. जवसाचे उत्पन्न कमी, कळ्या खाणारी माशी त्याचा काळ, आणि ओळींत मिसळलेले पीक यंत्राने काढणे अवघड. शेतकऱ्याने ते सोडले यात अविचार नव्हता.

१८/
तरी धागा पुरता तुटला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील लातूरच्या गळीत धान्य संशोधन केंद्राने 'लातूर जवस-९३' हा लवकर येणारा वाण दिला. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातूनही अनेक वाण निघाले. पुढे राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पात पुण्याच्या भारती विद्यापीठातील संशोधकांनी जवसाच्या मूल्यवर्धनाचे काम केले. कोंबड्यांच्या खाद्यात जवस घालून ओमेगा-३ युक्त अंडी तयार करणे हा त्याचाच भाग. जवस पुन्हा अन्नाच्या रांगेत येत होते, या वेळी प्रयोगशाळेच्या दारातून.

१९/
दरम्यान मधुमेह गावात पोहोचला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडिआब पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, महाराष्ट्रातील वीस वर्षांवरील व्यक्तींत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते: शहरांत १०.९, ग्रामीण भागात ६.५ टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी आकडा ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी माणसे. श्रीमंत शहरी माणसाचा आजार ही त्याची जुनी ओळख केव्हाच पुसली गेली आहे.

२०/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोह होतो: जवस गेले आणि मधुमेह आला, म्हणजे जवस गेल्यामुळे मधुमेह आला! हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. त्याच काळात श्रम घटले, ज्वारीची जागा गहू-तांदळाने घेतली, आयुर्मान वाढले, तपासण्याही वाढल्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने तर या प्रश्नाची मुळे मातेच्या गर्भारपणातील पोषणापर्यंत नेली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असते हे दाखवले. एवढ्या गुंतागुंतीच्या आजाराचे खापर एका बियाण्याच्या अभावावर फोडता येत नाही.

२१/
मग विज्ञान जवसाबद्दल काय सांगते? टोरांटोतील संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले की जवसाचा चिकट, बुळबुळीत तंतू पिष्टमय अन्नासोबत घेतल्यास जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील २०११ च्या अभ्यासात १८ मधुमेहींनी महिनाभर रोज १० ग्रॅम जवसाची पूड घेतली. त्यांची उपाशीपोटीची साखर सुमारे २० टक्क्यांनी घटली. हा आकडा सर्वत्र मिरवला जातो. पण रुग्ण मोजके, मुदत महिन्याची आणि आपण काय खात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक, या मर्यादा मात्र सांगितल्या जात नाहीत.

२२/
दुसऱ्या पारड्यात हे ठेवावे लागते: २००७ मध्ये शांघायमधील ७३ मधुमेहींवर जवसातील 'लिग्नन' या घटकाच्या अर्काची बारा आठवड्यांची चाचणी झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत किंचित सुधारणा दिसली. उपाशीपोटीच्या साखरेत उल्लेखनीय फरक पडला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात दळलेले जवस आणि जवसाचे तेल दोन्ही दिले गेले. रक्तातील ओमेगा-३ वाढले, साखरेवर परिणाम झाला नाही. त्या रुग्णांची साखर आधीपासूनच आटोक्यात होती, हेही खरे.

२३/
२०१८ मध्ये इराणमधील संशोधकांनी अशा २५ चाचण्या एकत्र तपासल्या. सरासरी परिणाम: उपाशीपोटीच्या साखरेत सुमारे ३ मिलिग्रॅमची घट. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की हा लाभ संपूर्ण बियांनी झाला. तेलाने वा लिग्ननच्या अर्काने नाही. रक्तदाबाबाबत चित्र अधिक आशादायक आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित झालेल्या ११० रुग्णांपैकी ज्यांनी सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस खाल्ले, त्यांचा वरचा रक्तदाब इतरांच्या तुलनेत सुमारे १० अंकांनी कमी राहिला.

२४/
आता दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहा. प्रमेहाच्या प्रकरणात ज्या तेलाचे नाव आहे, ते साखरेच्या चाचण्यांत निष्प्रभ ठरले. ज्या रूपाला थोडा आधार मिळाला, ते म्हणजे संपूर्ण बी, फोडून, रोजच्या अन्नातून. अख्खे बी बरेचदा न पचताच शरीराबाहेर जाते. कुटल्यावरच त्यातील सत्त्व हाती लागते. भाजण्याने कच्च्या बियांतील सायनाइड निर्माण करणारे घटकही कमी होतात. खलबत्त्यात जवस कुटणाऱ्या बायांनी हे मधुमेहासाठी केले नव्हते. चवीसाठी आणि टिकण्यासाठी केले होते. परंपरेचे शहाणपण पुष्कळदा असेच असते, हेतूवाचून हाती आलेले.

२५/
प्रमाणाचेही भान हवे. चाचण्यांत रोज १० ते ४० ग्रॅम जवस दिले गेले. भाकरीवर घेतलेली चमचाभर चटणी त्याच्या खालीच राहते. शिवाय ती चटणी एकटी कधीच नव्हती. तिच्याखाली ज्वारीची भाकरी होती आणि तिच्या भोवती दिवसभराचे कष्ट. पाकिटातली पूड गोड न्याहारीवर भुरभुरल्याने तो सगळा आहार परत येत नाही.

२६/
हा वाद पुस्तकी नाही. 'प्राचीन औषध' या दोन शब्दांवर विसंबून गोळ्या किंवा इन्सुलिन सोडणारा रुग्ण जिवावरचा जुगार खेळतो. १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती येण्यापूर्वी ज्या मुलांच्या शरीरात ते तयारच होत नसे, त्यांचा मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. ३ मिलिग्रॅमची घट हा आहारातील चांगला जोड आहे. औषधाची जागा घेण्याइतकी ती मोठी नाही. जवस खाताना पाणी भरपूर हवे, आणि रक्त पातळ करणारी वा साखरेची औषधे चालू असतील तर वैद्यकीय सल्ला आधी.

२७/
जवसाला काळाने आलटून पालटून नावे दिली: मण्यांचा दोरा, कोठारातील तेल, साम्राज्याचा रंग, आणि आता 'सुपरफूड'. ज्यांनी ते सर्वांत सातत्याने खाल्ले, त्यांनी त्याला नुसते जवस म्हटले. आज मराठवाड्यातील अनेक शेतकरी कुटुंबे सोयाबीन विकून त्या पैशांतून जवस विकत आणतात. मिश्र पिकातील त्या दोन ओळींची किंमत पन्नास वर्षे कोणत्याच बाजारभावात धरली गेली नाही. ते पाटे शेतात परत आले, तर ते प्राचीन औषध म्हणून येण्याची गरज नाही. चांगले अन्न आणि दुष्काळात हाताशी लागणारे पीक, एवढी ओळख त्यांना पुरेशी आहे.

(समाप्त)

#जवस #मराठवाडा #लातूर #नांदेड #अन्नाचा_इतिहास